दिव्यानी पोरांना काय सांगते?

पेरमगुड्यात वारलू पुंगाटी येताना दिसला की माणसं बोलता बोलता थांबायची. वैर नव्हतं, भांडण नव्हतं. बसायला जागा द्यायची, तंबाखू पुढे करायची, पण चाललेलं बोलणं तिथंच गिळून टाकायची. त्याची थोरली मुलगी दिव्यानी हे पाहत मोठी झाली.

कारण जुनं होतं. वारलू पोरसवदा असताना आरमोरीकडच्या एका धान गिरणीवर राहून आला होता, म्हणून भामरागडपलीकडच्या त्या चाळीस घरांच्या माडिया गावात त्या काळी मराठी येणारा तो एकटाच. बाहेरचा कुणीही आला की आधी त्याचंच दार वाजायचं. एका उन्हाळ्यात बांबूच्या ठेकेदाराचा माणूस आला. वारलूनं गावाला सांगितलं, हा म्हणतो नाल्याच्या अलीकडचाच बांबू तोडणार. महिन्याभरात नाल्याच्या पलीकडचाही तुटला, देवाच्या जागेपर्यंत. जाब विचारला तर ठेकेदाराचा माणूस हात झटकून म्हणाला, मी दोन्ही बाजू म्हटल्या होत्या, तुमच्याच माणसानं अर्धं सांगितलं असेल. आता खरं कोण ठरवणार? दोन्ही भाषा येणारा एकच माणूस, आणि त्याच्यावरच तर आळ. त्या दिवसापासून वारलू गावात राहिला, पण गावाच्या बैठकीत कडेला बसू लागला.

दिव्यानीला सहाव्या वर्षी आश्रमशाळेत घातलं. तिथं सगळं मराठीत. काही कळेना, तेव्हा तिनं एक युक्ती शोधली. कुणी काहीही विचारलं की मान हलवून "हो" म्हणायचं. हो म्हटलं की मोठी माणसं पुढे जातात, आपल्याला सोडतात. पुष्कळ दिवस ते निभावलं. मग एकदा बाईंनी तिच्याकडे बोट करून काहीतरी विचारलं आणि ती हो म्हणाली. विचारलं होतं ते असं, की मुक्ताची पेन्सिल तूच चोरलीस का. वर्षभर सगळ्या आश्रमशाळेत तिचं नाव "पेन्सिलचोर" राहिलं. ती मराठी शिकली ती त्या हट्टानं. बारावी झाली, गावात परत आली, आणि बापाचा सल्ला न ऐकता शाळेत भाषा मदतनीस म्हणून लागली.

"दुसरं काही कर," वारलू तिला म्हणाला होता. "मधे उभं राहणाऱ्याला दोन्हीकडून दगड लागतात."

"मी दगड पाहून उभी राहीन," ती म्हणाली.

शाळेत तेव्हा दिनेश दोनाडकर सर होते. ते आरमोरीचेच, बत्तीसेक वर्षांचे, बदलीवर आलेले. माणूस कामसू. नाल्याला पाणी असलं तर मोटारसायकल अलीकडे ठेवून, चपला हातात घेऊन येणारा. त्यांच्या येण्याच्या सुमारास एका संस्थेनं शाळेला आठ टॅब दिले होते. तिसरी-चौथीच्या मुलांना संगणकाचे धडे द्यायचे. टॅबवर एक पोपट होता आणि बाजूला रंगीत ठोकळे. "पुढे जा", "उजवीकडे वळा", "पुनरावृत्ती करा", "जर", "तर". ठोकळ्याला ठोकळा जोडायचा, पोपट तसा चालायचा.

दिव्यानी लागायच्या आधी सरांनी महिनाभर एकट्यानं शिकवून पाहिलं. ते समजावत, "समजलं?" विचारत, आणि अठरा पोरं एका सुरात "हो सर" म्हणत. मग टॅब हातात दिला की पोपट भिंतीला धडका देत बसे. एक दिवस "जर"चा धडा होता. सरांनी चौथीतल्या इतवारीला उभं केलं. इतवारीची आई रंभा बस्तरच्या बाजूची, घरात माडियाबरोबर तिकडची बोलीही चाले.

"जर असंल, तर पोपट काय करंल?" सरांनी विचारलं.

इतवारीनं बराच विचार केला आणि म्हणाली, "गोळी खाते."

काही पोरं फिसकन हसली. सरांना वाटलं, आपली टर उडवतात. त्यांनी तिला बाहेर उभं केलं. तिकडच्या बोलीत जर म्हणजे ताप, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि इतवारीला ते सांगण्यापुरती मराठी येत नव्हती.

दिव्यानी आली आणि वर्ग बदलला. ती ठोकळ्यांना हातच लावायची नाही. पोरांना अंगणात न्यायची. रेला नाचताना आपण तीच तीन पावलं किती वेळा टाकतो? उंदी, रंड, मूंद, पुन्हा उंदी, रंड, मूंद. ते दर वेळी नव्यानं सांगावं लागतं का? नाही ना, एकदा सांगायचं आणि "परत परत" म्हणायचं. झाला तो पुनरावृत्तीचा ठोकळा. शेतात शेळी शिरली तर हाळी द्यायची, नाही शिरली तर गप्प बसायचं. झाला तो "जर". चूक कशी शोधायची? एका पोरानं पोपट व्हायचं, बाकीच्यांनी हुकूम सोडायचे, आणि पोपटानं सांगितलं तेवढंच करायचं, डोकं लावायचं नाही. पोपट कुंपणाला जाऊन आदळला की कुठला हुकूम चुकला ते सगळ्यांनी मिळून हुडकायचं.

पंधरा दिवसांत आठही टॅबवरचे पोपट झाडाला वळसा घालून घरट्यात पोचू लागले.

सरांना आनंद झाला, पण तो दोन दिवसच टिकला. तिसऱ्या दिवशी ते एकेक टॅब हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. आठही टॅबवर ठोकळे जवळजवळ सारखेच.

"ह्ये पोट्ट्याईनं सोताच केलं?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"सगळ्यायचं सारखं कसं?"

"अंगनात सगळ्याईनं मिळून केलं न आधी."

सरांनी टॅब आवरून ठेवले. पण त्या दिवसापासून त्यांचं लक्ष तिच्या तोंडाकडे असे. आपण दोन वाक्यं बोललो तर ही पाच मिनिटं बोलते. आपण पाच मिनिटं बोललो तर ही तीन शब्दांत उरकते. मधेच "सर" हा शब्द येतो आणि पोरं हसतात. का हसतात? ही आपलं म्हणणं सांगते, की स्वतःचं काही सांगते? उत्तरंच देऊन टाकत नसेल कशावरून?

दिव्यानीला ती नजर ओळखीची होती. बापाकडे पाहणाऱ्या कितीतरी डोळ्यांत तिनं ती पाहिली होती.

पोळ्यानंतर सरांनी एक दिवस तिला व्हरांड्यात बसवलं आणि दार लोटून चाचणी घेतली. पुस्तकातल्या मराठीत प्रश्न, हातात टॅब. पोरं गोठल्यासारखी बसली. एकाचाही पोपट हलला नाही. दिव्यानीला वाटलं, आता तरी सरांना कळेल की पोरांना प्रश्नच समजला नाही. सरांना उलटंच कळलं. ही नसली की पोरांना काहीच येत नाही, म्हणजे सगळं हीच करत होती.

टॅबमध्ये पोपटाला आवाज द्यायची सोय होती. तो धडा पोरांचा सगळ्यांत लाडका. दिव्यानीनं त्यांना शिकवलं होतं, की लाल ठिपका दिसला म्हणजे ते यंत्र ऐकतंय. आणि एक नियमही घालून दिला होता, की कुणाचाही आवाज त्याला विचारल्याशिवाय भरायचा नाही. घरात तर नाहीच नाही.

मंगळवारी इतवारी खडू आणायला खिडकीपाशी गेली. पोषण आहाराच्या तक्त्यामागे सरांचा फोन उभा करून ठेवलेला होता. त्यावर लाल ठिपका लुकलुकत होता आणि खाली आकडे पळत होते. वर्गात त्या वेळी दिव्यानी बोलत होती. इतवारी खडू घेऊन गुपचूप जागेवर येऊन बसली. घरी गेल्यावर तिनं आज्याला सांगितलं.

तिचा आजा पत्रू गावाचा भूमिया, म्हणजे देवाचं आणि जमिनीचं पाहणारा म्हातारा. बुधवारी दुपारी त्यानं गोटुलात, गावाच्या बैठकीच्या घरात, माणसं बसवली आणि दिव्यानीला बोलावणं धाडलं. ती गेली तेव्हा कुणी सरकून जागा दिली नाही. वारलू नेहमीप्रमाणे कडेला होता.

"आवाज कुठं जातो?" पत्रूनं माडियात सरळ विचारलं.

"कुठंच जात नाही. टॅबमध्येच राहतो. नको असला तर पुसता येतो."

"टॅबचं विचारत नाही मी. सरांच्या फोनचं विचारतो."

"सरांचा फोन त्यांच्या खिशात असतो."

"खिडकीत होता," इतवारी आईच्या मागून म्हणाली. "लाल ठिपका होता. तू बोलत होतीस."

 दिव्यानीला काहीच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं हे कुणाला खरं वाटणार नव्हतं. वर्गात फक्त दोनच मोठी माणसं. त्यातल्या एकाला ही भाषा येत नाही. मग ज्याला कळत नाही तो भरून कशाला घेईल?

रंभा हळू आवाजात म्हणाली, "पोरं घरचं सगळं वर्गात बोलतात. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या चुलीवर काय शिजलं. ते सगळं फोनमध्ये गेलं असेल तर?"

 एकीकडे पोलीस, दुसरीकडे जंगलातले; या भागात इथलं बोललेलं तिथं नेणाऱ्याचं काय होतं, हे बोलून दाखवावं लागत नाही. माणसांची नजर दिव्यानीवरून वारलूकडे गेली आणि वारलूनं मान खाली घातली. बापानं आपल्या बाजूनं एक शब्द तरी बोलावा, असं तिला फार वाटलं. मग लक्षात आलं की त्याच्या एका शब्दानं तिचं होतं नव्हतं तेही गेलं असतं.

गुरुवारी शाळेत तीन पोरं आली. सरही नव्हते, भामरागडला काम आहे असा निरोप होता. कसलं काम? फोन बरोबर नेला असेलच. दिव्यानीनं त्या तिघांना घेऊन अंगणात पोपटाचा खेळ मांडला, पण बोलताना तिची नजर सारखी खिडक्यांकडे जात होती. आपल्याच आवाजाची तिला भीती वाटू लागली होती.

सर सोमवारी उगवले. हेल्मेट काढायच्या आत ती समोर उभी राहिली.

"सर, तुमच्या फोनमंधी माहा आवाज हाय का?"

"कोन म्हनलं?"

"कोन म्हनलं ते राहू द्या. हाय का नाई?"

सरांनी हेल्मेट खुंटीला अडकवलं. मग म्हणाले, "हाय. भामरागडले एक बिरजू म्हनून मानूस हाय, त्याले आयकवला. त्याले तुमची भाषा येते."

"त्याले गोंडी येते. आमची माडिया त्याले अर्धीच समजते."

"अर्धीच पुरे झाली मले," सरांचा आवाज चढला. "तुमी पोट्ट्याईले सांगता, सरले हो म्हनू नका. सर भेतात, असंबी सांगता. ह्ये बोलल्या का नाई तुमी?"

"बोलली."

ती नाकारेल अशी सरांची खात्री होती. ते क्षणभर गोंधळले.

"मंग झालं तं. केंद्रप्रमुखाईच्या कानावर घातलं मी. शुक्रवारी येऊन राह्यले ते चौकशीले. मी इथी रात्रंदिवस खपून राह्यलो, अन् तुमी पोट्ट्याईले माह्या विरोधात उभं करता?"

दिव्यानीच्या ओठावर सगळं आलं होतं. ते वाक्य मागचं-पुढचं जोडून सांगितलं असतं तर दोन मिनिटांत उलगडलं असतं. पण ती थांबली. सांगितलं तरी हे मानतील कशावरून? दोन्ही भाषा येणारी आपणच, आणि आळही आपल्यावरच. बापानं त्या वेळी शंभरदा सांगून पाहिलं होतं. काय उपयोग झाला?

"मी काई सांगत नाई," ती म्हणाली. "तो आवाज पुरा गावासमोर लावा. सुरुवातीपासून."

"गावासमोर?" सर सावध झाले. "मी एकटा मानूस इथी. गाव गोळा करून काय करता तुमी माह्यं?"

"गावाले आधीच समजलं हाय. गुरुवारपासून शाळेत किती पोट्टे येऊन राह्यले ते पाहून घ्या. लपवान तं एकबी नाई येनार."

सरांनी दिवसभर तिला लांबून न्याहाळलं. हा डाव असेल का, हे ते ताडून पाहत असावेत. संध्याकाळी निघताना एवढंच म्हणाले, "परवा. दुपारी. शाळेतच."

बुधवारी व्हरांड्यात माणसं जमली. पंधरा ऑगस्टला लावतात तो छोटा स्पीकर सरांनी स्टुलावर ठेवला आणि फोन जोडला. ते स्वतः दाराला लागून उभे राहिले, मोटारसायकल जवळ पडेल असे.

आधी खरखर, मग पोरांचा गलका, मग दिव्यानीचा आवाज. अंगणात शेळी शिरण्याचं चाललं होतं. ऐकताना एकदोन बायका हसल्यासुद्धा. इतक्यात मागून जंगू नावाच्या पोराचा आवाज आला. तो शेजारच्याला सांगत होता, परवा बाबानं रानडुक्कर आणलं, आम्ही दोन दिवस खाल्लं.

हसणं जागीच थांबलं. रानडुकराची शिकार म्हणजे जंगलखात्याचा गुन्हा. जंगूचा बाप खांबाशी बसला होता, तो उठून उभा राहिला. सगळ्यांनी एकदम सरांकडे पाहिलं. त्यांना कळलं का? मग सगळ्यांनी दिव्यानीकडे पाहिलं. ही सांगते का?

"काय झालं?" सरांनी विचारलं. "काय म्हनला तो?"

"काई नाई. पोट्टे गोठी करून राह्यले आपसांत," दिव्यानी म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती काहीतरी गाळते आहे, हे न कळण्याइतके ते खुळे नव्हते. दिव्यानीलाही ते कळलं की यांना कळलं. पण तिनं नजर हटवली नाही, आणि सरांनीही पुन्हा विचारलं नाही.

थोड्या वेळानं ती वाक्यं आली. पत्रूनं हात वर केला. सरांनी फोन थांबवला.

"हे सरांना मराठीत सांगायचं," पत्रू म्हणाला. दिव्यानी पुढे झाली, तसा तो म्हणाला, "तू नको. इतवारी सांगेल."

दिव्यानी मागे सरली. म्हाताऱ्याचा अजूनही आपल्यावर भरवसा नाही, हे तिला लागलं. पण तिला स्वतःलाही हेच हवं होतं.

इतवारी फ्रॉकचं टोक मुठीत धरून उभी राहिली. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी बोलू लागली. "बाई म्हनते… समजलं नाई तं हो म्हनू नका. हो म्हनलं तं सर पुढं जाते. आपन मागं राह्यतो." ती थांबली, दिव्यानीकडे पाहायला वळली, पण दिव्यानीनं मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. "मंग म्हनते… सरले आपली भाषा येत नाई. आपन हसलो तं सर भेते. त्याले वाटते आपन त्यालेच हसतो. म्हनून हसाचं असंल तं सरले सांगा, काऊन हसलो ते."

 सरांचे कान लाल झाले होते. त्यांनी फोन हातात घेतला, पुन्हा ठेवला.

"प्रशिक्षणाले पुन्याले गेलतो मी," ते कुणाकडेच न पाहता म्हणाले. "मी बोललो का मागं हसाचे लोक. मले, तुले म्हनतो म्हून. तवापासून कोनी हसलं का मले…" पुढचं त्यांनी सोडून दिलं.

दिव्यानीनं ते माडियात गावाला सांगितलं. पत्रूनं मान हलवली, पण तो विरघळला नाही. "आता आवाज पुसा," म्हणाला.

सरांनी पुसला. दिव्यानीनं सांगितलं, पुसलेलं आधी फोनच्या कचऱ्यात जातं, तिथूनही काढा. सरांनी तिथूनही काढलं आणि फोन पत्रूच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं तो उलटसुलट करून पाहिला. त्याला त्यातलं काय दिसणार होतं?

"अजून कुठं आहे?" त्यानं विचारलं, आणि दिव्यानीनं ते मराठीत विचारलं.

सरांना नाही म्हणता आलं असतं. कुणाला कळणार होतं? 

"बिरजूले पाठवलता एक," ते म्हणाले. "त्याच्या फोनमंधी असंल."

आता ते गावाला सांगायचं दिव्यानीच्या वाट्याला आलं. जंगूचा बाप अजून उभाच होता. जरा सौम्य करून सांगावं, असं एकदा तिच्या मनात आलं. सर वाईट माणूस नाहीत, आत्ताच तर त्यांच्याबद्दल कुणाला थोडं बरं वाटलं होतं. पण तिनं शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. कुजबुज उठली. एकानं शिवी हासडली, तीही तिनं सरांना सांगितली.

दुसऱ्या दिवशी जंगूचा बाप आणि आणखी एक जण सरांबरोबर भामरागडला गेले. बिरजूनं त्यांच्यासमोर आवाज पुसला, शपथ घेतली. पण त्याआधी तो त्यानं आणखी कुणाला धाडला होता की नाही, हे कोण सांगणार? कुणी चौकशीला आलं नाही, तरी त्या हिवाळ्यात मोटारसायकलचा आवाज आला की जंगूचा बाप मागच्या दारानं बाहेर पडायचा.

शुक्रवारी केंद्रप्रमुख आले. सरांनी सांगितलं, गैरसमज झाला होता, तक्रार मागं घेतो. साहेबांना ते फार लवकर मिटल्यासारखं वाटलं. त्यांनी दिव्यानीला बाजूला घेऊन विचारलं, "कुणाचा दबाव आहे का? सरांवर, किंवा तुमच्यावर?" तिनं नाही सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, पण चेहऱ्यावरून त्यांना पटलेलं दिसलं नाही.

पोरं हळूहळू परतली, सगळी नाही. दोन मुलींना घरच्यांनी आश्रमशाळेत टाकलं. पाच घरांनी सांगितलं, आमच्या पोरांचा आवाज कशातच भरायचा नाही. त्या पोरांसाठी दिव्यानीनं वेगळा धडा केला. त्यांचा पोपट बोलायचा नाही, पंख हलवून सांगायचा.

वर्गात "समजलं का?" हा प्रश्न बंद झाला. सर आता म्हणत, "करून दाखव." उद्याचा धडा ते आदल्या दिवशी दिव्यानीला सांगत, आणि ती त्यांना अडवी. "पुनरावृत्ती म्हंजे काय? तुमच्या घरी बोलता तसं सांगा." मग सर आपल्या झाडीबोलीत सांगत आणि ते त्यांचं त्यांनाच जास्त कळे. भिंतीवर दोघांनी मिळून कागद लावले, ठोकळ्याचं चित्र, त्याखाली मराठी शब्द, त्याखाली माडिया. "जर"च्या कागदावर इतवारीनं शेळी काढली. पोरं हसली की एकानं उठून कारण सांगायचं, हा नियम सरांनीच केला. कधी कारण त्यांच्याबद्दलचं असे, तेही त्यांना ऐकून घ्यावं लागे.

फोन ते टेबलावर उताणा ठेवत, सगळ्यांना दिसेल असा. तरी दिव्यानी रोज सकाळी वर्ग उघडला की आधी तक्त्यामागं पाही, मग फळ्याच्या मागं, मग खिडकीच्या फळीवर. सरांनी तिला एकदा तसं पाहताना पाहिलं आणि दारातच थांबून राहिले, ती पाहून होईपर्यंत. आणि ती माडियात लांबलचक बोलू लागली की त्यांच्या कपाळावर आठी चढे, ती काही गेली नाही.

पुढच्या वर्षी नदीपलीकडच्या एका गावात टॅब आले आणि तिथल्या शाळेनं दिव्यानीला बोलावलं. या वेळी ती पहिल्या दिवशी वर्गात गेलीच नाही. झाडाखाली माणसं बसवली, टॅब मधोमध ठेवला, स्वतःचा आवाज भरून दाखवला, पुसून दाखवला. लोकांनी विचारायला सुरुवात केली. हे रात्री बंद असताना ऐकतं का? तू मराठीत काय सांगतेस ते आम्हाला कसं कळणार? डोमा नावाच्या एका म्हातारीनं विचारलं, तुला हे करायला कुणी पाठवलं, आणि त्याला यातून काय मिळतं?

तिला येत होती तेवढी उत्तरं तिनं दिली. जी येत नव्हती तिथं, माहीत नाही, असं सांगितलं. दुपार कलली तरी कुणी हो म्हणालं नाही. डोमा काठी टेकत उठली आणि म्हणाली, "उद्या ये. आम्ही आपापसांत बोलून पाहतो."

दिव्यानीनं टॅब पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती नदी ओलांडायला पुन्हा डोंग्यात बसली.